बाबांच्या रायफलीचा भाव

बाबा एप्रिलमध्ये गेले, आणि सप्टेंबरपर्यंत माझ्या दोन्ही भावांना त्यांच्या रायफलीची आठवण झाली नाही. मेपलची झाडं लाल व्हायला लागली, गावातल्या दुकानांत शिकारीच्या नारिंगी टोप्या लटकल्या, तेव्हा मात्र दोघांनाही एकाच आठवड्यात बापाचं प्रेम दाटून आलं.

आधी थोरला आला, रेनो. जन्मभर विमा विकला त्याने, आणि आता निवृत्त झाला तरी समोरचा माणूस उद्या मरणार आहे अशाच सुरात बोलतो. स्वयंपाकघरात बसला, कॉफी घेतली, आणि दाराच्या वर हरणाच्या शिंगांवर आडव्या ठेवलेल्या रायफलीकडे बघत ढवळत राहिला. साखर घातलीच नव्हती, तरी ढवळत होता.

"हेल्मी," तो म्हणाला, "बापाची बंदूक थोरल्या मुलाकडे जाते. सगळीकडे तशीच रीत आहे."

"आणि बापाला शेवटी शेवटी आंघोळ कोण घालतं? त्याची काय रीत आहे सगळीकडे?"

"तू विषय कुठल्या कुठे नेतेस."

"मी कुठे नेला? मी इथेच होते. तूच कुठे दिसत नव्हतास."

त्याने कॉफी अर्धी टाकली आणि गेला.

दोन दिवसांनी धाकटा आला, अर्विड. हा लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवतो. त्याच्या गालात तंबाखूची गोळी कायम असते, त्यामुळे तो बोलतो ते निम्मं कळत नाही, आणि उरलेलं निम्मं कळलं नसतं तरी चाललं असतं. बसला नाही. सरळ रायफलीखाली जाऊन उभा राहिला, चर्चमध्ये उभं राहावं तसा.

"माझं पहिलं हरीण मी हिनेच मारलं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणीबिणी आणायचा विचार होता त्याचा.

"तुझं पहिलं हरीण तू ट्रकने मारलंस, अर्विड. बंपर अजून वाकडा आहे."

"ते दुसरं."

मला रायफल हवी का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. घर मला मिळालं होतं, कारण मी त्यात राहत होते. बाईमाणसाला बंदूक कशाला? बटाट्याच्या शेतात हरणं घुसायची तेव्हा मात्र बाबा मलाच हाक मारायचे, कारण तोवर हे दोघे गावातल्या बारमध्ये बसून याहून मोठमोठी हरणं मारत असायचे.

शेवटी रोजची कटकट नको म्हणून मी एका रविवारी दोघांना एकत्र जेवायला बोलावलं. मांस, बटाटे आणि सलगम भरून पेस्ट्या भाजल्या. तोंडं भरलेली असली की माझे भाऊ जरा माणसात असतात. जेवता जेवता असं ठरलं की रायफल एकाने ठेवायची, आणि तिच्या किमतीचे निम्मे पैसे दुसऱ्याला द्यायचे. न्यायाचं होतं. आता प्रश्न एवढाच उरला की किंमत किती.

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

रायफल दोघांनाही ठेवायची होती. म्हणजे दोघांनाही ती स्वस्त हवी होती. आदल्या आठवड्यात जिच्याकडे बघून यांना बाप आठवत होता, तिला आता एक भाऊ शिव्या घालू लागला आणि दुसरा त्याच्यावर ताण करू लागला.

"जुनाट आहे गं," रेनोने तोंड पुसत सुरुवात केली. "आता कोण वापरतं लिव्हरची रायफल? खाली वर, खाली वर, पाण्याचा हापसा मारल्यासारखं. लोक आता दुर्बीण लावलेल्या बंदुका घेतात. हिचे चारशे डॉलर आले तरी पुष्कळ."

"चारशे?" अर्विड म्हणाला. "वेडा झालास? दस्त्यावर बघ किती ओरखडे आहेत. लिव्हर खुळखुळ वाजते. नळीत तर उंदीर व्याले असतील. तीनशे."

"त्यात ती लांब मारत नाही."

"जवळही नीट मारत नाही. बाबांचा नेम होता म्हणून चाललं."

"बाबांचा नेम तरी कुठे एवढा होता..."

बापाच्या स्वयंपाकघरात, बापाच्या खुर्चीत बसून, बापाच्या मुली‍ने केलेलं खात हे चाललं होतं. नळीवरून सुरू झालं ते बापाच्या डोळ्यांपर्यंत पोचलं. रायफल वर शिंगांवर गप्प होती. तिला बोलता आलं असतं तर पहिली गोळी कोणाला घालायची याचाच काय तो तिला विचार पडला असता.

"दोनशे," शेवटी रेनो म्हणाला, "आणि तेही बाबांची म्हणून."

"दोनशे," अर्विडने मान डोलावली. "एक पैसा जास्त नाही."

मी उठले, कपाटातून माझी पर्स काढली. "छान. दोनशेला मी घेते. शंभर तुला, शंभर याला. पेस्टी अजून हवी का कोणाला?"

 अर्विडने तंबाखू नसतानाच काहीतरी गिळलं.

"तसं नाही," रेनो खाकरला. "म्हणजे... ही चौसष्ट सालाच्या आधीची आहे, जुन्या चांगल्या बनावटीची. जाणकार लोक शोधत असतात अशी."

"आणि बाबांनी नळी नेहमी स्वच्छ ठेवली," अर्विड म्हणाला. "दर वेळी तेल. दर वेळी."

"मूळ रंग आहे लोखंडावर. मूळ!"

"दक्षिणेकडून मोठा पूल ओलांडून शिकारीला येतात ना ते शहरी लोक, ते अशीला दोन हजारसुद्धा देतात. मी स्वतः ऐकलंय."

"उंदरांसकट?" मी विचारलं.

त्यावर ठरलं की हे घरात सुटायचं नाही. पुढच्या शनिवारी रायफल वेंडेलकडे न्यायची. वेंडेल ट्रेव्हॅरोचं गावात बंदुकांचं दुकान आहे, आणि बंदुकांचा भाव काढणं हा त्याचा धंदा आहे. तो म्हणेल ती किंमत. उठता उठता रेनो म्हणाला, "मी घेऊन जातो आत्ताच. न्यायच्या आधी जरा पुसून-बिसून ठेवतो."

पुसणं म्हणजे तेलाचं फडकं फिरवणं, असं मी समजत होते. कुठल्याही धड माणसाच्या डोक्यात याहून वेगळा अर्थ यायचं कारण नाही.

शनिवारी आम्ही तिघं वेंडेलच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर भुसा भरलेली मुंडकी, आणि कोपऱ्यात कॉफीचं भांडं, ज्यातली कॉफी वेंडेल फक्त गिऱ्हाइकाला फसवायचं असेल तेव्हाच फुकट देतो. आम्हाला त्याने आल्या आल्या तीन कप दिले. मी कप खाली ठेवला आणि सावध झाले.

वेंडेल रेनोचा शाळेतला सोबती, बाबांना लहानपणापासून वायनोकाका म्हणणारा. चष्मा नाकाच्या टोकावर, पोट काउंटरच्या कडेवर. "काय रे रेनो, वायनोकाकांची रायफल विकायला काढलीस? म्हातारा वरून बघतोय हां."

"विकायची नाही, भाव काढायचाय," रेनो म्हणाला, आणि मोठ्या थाटात त्याने पेटी उघडली.

मी आधी ओळखलीच नाही.

ती चमकत होती. नवीन मोटारीसारखी चमकत होती. बाबांच्या हातांनी घासून घासून मधल्या लोखंडावरचा निळसर काळा रंग एका जागी रुपेरी झाला होता, पिढीभर तिथेच धरून चालत होते ते. तो रुपेरी पट्टा गेला होता, त्यावर शाई सांडल्यासारखा एक काळा लेप बसला होता. नळीवरच्या अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आणि दस्ता! त्याला इतकं घासलं होतं की लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलं होतं, आणि वरून असं व्हार्निश फासलं होतं की त्यात मला माझा चेहरा दिसला. चेहरा काही चांगला नव्हता.

"कशी वाटते?" रेनो म्हणाला. "आठवडाभर खपलो. ड्रिलला तारेचा ब्रश लावून सगळा गंज काढला."

"गंज नव्हता तिच्यावर," मी म्हटलं.

"होता. तपकिरी होतं सगळं."

"ते म्हातारपण होतं, रेनो."

वेंडेलने रायफल उचलली. काही बोलला नाही, आणि वेंडेल बोलत नाही तेव्हा बाजारात काहीतरी मेलेलं असतं. आधी लिव्हर खाली ओढून चेंबर रिकामं आहे ते पाहिलं. मग लिव्हर उघडीच ठेवून आत कागदाचा पांढरा तुकडा धरला आणि पुढून नळीत डोळा घातला. बराच वेळ घातला. स्क्रूंच्या खाचांवरून नख फिरवलं. दस्ता आणि लोखंड जिथे मिळतात तिथे अंगठा फिरवला, आणि अंगठा पायरीवरून उतरावा तसा खाली उतरला.

"गेल्या आठवड्यात आणली असतीस," तो शेवटी म्हणाला, "तर मी डोळे झाकून बाराशे म्हटलं असतं. ओरखड्यांसकट. ओरखड्यांचेच पैसे असतात, गाढवा. जुनी, मूळ रंगाची, एकाच माणसाने वापरलेली. लोक हाता-पाया पडतात अशीसाठी."

"आणि आता?" अर्विडने विचारलं.

"आता हिला जाणकार माणूस हात लावणार नाही. आता ही फक्त हरीण मारायची बंदूक. तू घरात बसून बाराशेतले निम्मे पैसे ब्रशने घासून काढलेस, रेनो. पगारावर ठेवायला हवं तुला."

आणि अर्विड हसला. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान एखादी शिवी तरी हासडेल. नाही. काउंटरवर हात आपटून आपटून हसला, तंबाखूचा रस हनुवटीवर आला तरी हसला. बापाची रायफल समोर सोलून पडलीय, आणि याला आनंद कशाचा, तर भाऊ मूर्ख ठरला याचा. हे कळायला त्याला दुकानात यावं लागलं याचंच मला नवल वाटलं.

रेनो पेटीच्या कडेला धरून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"असू दे," वेंडेल गोड आवाजात म्हणाला. कॉफीचं भांडं पुन्हा उचललं त्याने. "वायनोकाका माझ्या बापासारखे. तुम्ही भांडू नका. मीच घेतो ठेवून. चारशे देतो. आत्ता, रोख. दोनशे दोनशे वाटून घ्या आणि शांत झोपा."

"रोख?" अर्विडचं हसू थांबलं.

पाहा. दोन आठवडे जिच्यासाठी भांडत होता, पहिल्या हरणाच्या आठवणीने गहिवरत होता, ती 'रोख' या एका शब्दावर सुटली. त्याने रेनोकडे पाहिलं. रेनो काहीच बोलला नाही, आणि अर्विडला तेवढा होकार पुरला असता. मी मध्ये पडले.

"वेंडेल, ती वरची काय आहे?"

त्याच्या मागे भिंतीवर रायफलींची रांग होती. तिसरी आमच्याचसारखी होती, तीच लिव्हर, तीच जात. तिच्या चापाला चिठ्ठी बांधलेली होती.

"ती? तशीच आहे एक."

"काढ बरं खाली."

"कशाला आता, हेल्मी..."

"गिऱ्हाईक म्हणते दाखव, तर दाखवावी. तुझ्या बापाने शिकवलं नाही का?"

त्याने काढली. मी काही बंदुकांची पंडित नाही, पण डोळे आहेत मला. तिलाही कोणीतरी नंतर रंग दिलेला होता, आमच्या रेनोपेक्षा जरा बऱ्या हाताने. स्क्रूंच्या खाचा चावून खाल्ल्यासारख्या. मी वेंडेलचाच कागद घेतला आणि आधी तिच्या नळीत पाहिलं, मग आमच्या. तिच्यातले गोळीला गिरकी देणारे पीळ पुसट, मधे एका जागी काळपट डाग. आमच्या नळीत मात्र पिळाच्या रेघा टोकापर्यंत लखलखीत, काल कापल्यासारख्या. रेनोचा ब्रश नळीत शिरला नव्हता, एवढी देवाची दया.

चिठ्ठीवर सातशे पन्नास लिहिलं होतं.

"हिची नळी खराब, हिचे स्क्रू खराब, हिचाही रंग नंतरचा," मी म्हटलं. "ही साडेसातशे, आणि आमची चारशे. फरक काय दोघींत?"

वेंडेलने चष्मा वर सरकवला. विचार केला. आणि या माणसाच्या आयुष्यातलं बहुधा एकमेव खरं वाक्य बोलला.

"ती माझी आहे."

"बरं झालं सांगितलंस."

"अगं, मला दुकान आहे. भाडं आहे, दिवे आहेत. वर्ष वर्ष एखादी भिंतीवर पडून राहते. विकत घेतो त्याच भावाने विकली तर मी खायचं काय?"

"तू उपाशी आहेस असं तुझ्याकडे बघून कोणी म्हणणार नाही. पण ठीक. तुझं भाडं तुला सोडलं. आम्हाला दुकान नाही, भाडं नाही. म्हणजे तू घेशील त्याच्या वर आणि तू विकशील त्याच्या खाली, मधे कुठेतरी हिचा भाव. नळी चांगली म्हणून जरा वरच धरते. सहाशे. चूक असेल तर सांग."

त्याने ओठ चावला. नाही म्हणायची फार इच्छा होती, पण भिंतीवरची खाली काढून ठेवलेली होती, चिठ्ठीसकट.

"सहाशे," तो पुटपुटला. "न्यायाचं आहे."

"मग सहाशेला मी घेते."

मी पर्स काढली तेव्हा या वेळी कोणाला रायफलीचे गुण आठवले नाहीत. पण अर्विडला गणित आठवलं. शाळेत ज्याला कधी आलं नाही त्याला.

"थांब थांब," तो म्हणाला. "सहाशेतले निम्मे मी का घ्यायचे? गेल्या आठवड्यात ती बाराशेची होती. माझा वाटा सहाशेचा होता. नुकसान रेनोने केलं, रेनोने भरावं. मला सहाशे पाहिजेत."

"म्हणजे सगळे?"

"म्हणजे माझा वाटा."

मी रेनोकडे पाहिलं. आता भाषण येणार, मला वाटलं. हक्क, रीत, थोरला मुलगा, कलम अमुक, अट तमुक. या माणसाने एकदा गारपिटीत फुटलेल्या काचेवरून एका विधवेशी संध्याकाळपर्यंत वाद घातला होता.

"दे त्यालाच," रेनो म्हणाला.

"काय?"

"सगळे दे त्याला. बरोबर बोलतोय तो." आणि पेटी तिथेच सोडून बाहेर गेला.

अर्विडने पैसे मोजून घेतले. त्याला लाज वाटली का? छे. लाज वाटायला आधी जागा लागते. दुकानातून निघायच्या आधी त्यातल्याच दीडशेचा त्याने वेंडेलकडून एक नवा कोरा नारिंगी कोट घेतला, आरशात स्वतःला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि वेंडेलने त्याला अजून एक कप कॉफी दिली.

रेनो माझ्या गाडीत येऊन बसला होता. अर्विडबरोबर आला होता, पण अर्विडबरोबर परत जायची ताकद त्याच्यात नसावी. मी पेटी मागे ठेवली, गाडी सुरू केली.  बंद पडलेल्या खाणीच्या वळणापर्यंत मी एक वाक्य तयार करत होते. त्यात तारेचा ब्रश होता, विमा होता, डार्लीन होती, म्हणजे त्याची बायको, आणि शेवटी एक असा टोला होता की तो नाताळपर्यंत माझ्याकडे फिरकला नसता.

"बाबांनी मला तिला कधी हात लावू दिला नाही," रेनो म्हणाला.

"काय?"

"रायफलीला. लहानपणी मी ती एकदा पावसात पडवीबाहेर विसरलो. ओली झाली. त्यानंतर कधीच नाही. तुला द्यायचे. अर्विडलासुद्धा द्यायचे. मला म्हणायचे, तुझ्या हाताला वस्तूची कदर नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. "विकायबिकायची नव्हती मला. पहिल्यांदाच माझ्या घरी आली. गॅरेजमध्ये घेऊन बसायचो रोज. डार्लीन जेवायला हाका मारून थकायची. चमकायला लागली तेव्हा वाटलं, हे पाहून त्यांना बरं वाटलं असतं."

"नसतं वाटलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आता माहीत आहे."

साठी उलटलेला माणूस, टक्कल पडलेला, गळ्यात वाचायचा चष्मा दोरीने लटकवलेला, आणि खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. मी तयार केलेलं वाक्य गिळलं. फुकट गेलं. चांगलं होतं.

त्याच्या घराशी त्याला उतरवताना मी म्हटलं, "शिकारीच्या पहिल्या दिवशी पहाटे ये. शेताकडच्या खोपटात बसू. तुझा परवाना आण. डार्लीनला आणू नकोस."

"कोणती बंदूक आणू?"

"तोंड बंद ठेवता येईल एवढंच आण."

मधल्या आठवड्यांत मी दस्त्यावरचं ते व्हार्निश खरवडून काढलं आणि जवसाचं तेल चोळलं. गेलेलं लाकूड काही परत येत नाही, पण निदान त्यात माझं तोंड दिसायचं थांबलं.

नोव्हेंबरच्या पंधराला रेनो आला. बर्फ घोट्याएवढा पडला होता. पाठीवर पिशवी, गळ्यात दुर्बीण, खिशात हात गरम करायच्या पुड्या, हरणाला माणसाचा वास येऊ नये म्हणून अंगावर मारायचा फवारा, डार्लीनने बांधून दिलेली सँडविचं, बसायला फुगवायची उशी. ध्रुवावर निघाल्यासारखा. शेत माझ्या न्हाणीघरातून दिसतं.

खोपटात बसलो. त्याने उशी फुगवली. उशीने असा आवाज केला की मैलभरातल्या हरणांनी आपापसांत निरोप दिले असतील. मग त्याने सँडविचचा कागद उघडला. मग त्याला शिंक आली.

"रेनो."

"हं?"

"मेलेला माणूस होता येईल का तुला थोडा वेळ?"

त्यानंतर मात्र तो खरोखर गप्प बसला. उजाडलं. मी रायफल त्याच्या हातात दिली. त्याने ती अशी घेतली, जशी कोणी झोपलेलं मूल हातात द्यावं. मला ते पाहवेना म्हणून मी शेताकडे पाहत राहिले.

आणि हरणाचा नर आला. झाडीतून पुढे येऊन, बर्फ उकरत, उरलेल्या बटाट्यांचा वास घेत. शिंगं फार मोठी नव्हती, पण देखणा होता. रेनोने लिव्हर खाली ओढून वर घेतली. आवाज कसला शुद्ध आला! नराने मान वर केली. रेनोची नळी शेकोटीवरच्या धुरासारखी डुलत होती.

"श्वास सोड," मी पुटपुटले. "सोड. आता अर्धा घे. आता."

बार झाला. नर उसळला, कुंपणाकडे धावला, आणि कुंपणाशी पोचायच्या आधीच पुढच्या पायांवर खाली गेला. पुन्हा उठला नाही.

"पडलं?" रेनोने विचारलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"तू डोळे मिटून मारलंस?"

"नंतर मिटले."

आम्ही जवळ गेलो. अचूक लागली होती, खांद्याच्या मागे. रेनो तिथेच बर्फात बसला. उठायला जमेना त्याला.  मी म्हटलं, बस तसाच, सुरी दे, साफ करते. त्याने पिशवी उपसली. दुर्बीण निघाली, फवारा निघाला, पुड्या निघाल्या, उशीला भोक पडलं तर लावायचं ठिगळ निघालं. सुरी नव्हती.

"हरीण मारायला आलास आणि सुरी आणली नाहीस?"

"मला वाटलं नव्हतं लागेल," तो म्हणाला. 'लागेल' म्हणजे सुरी की गोळी, हे मी विचारलं नाही.

घरातून सुरी मीच आणली, पोट मीच फाडलं, आतडी मीच काढली. रेनो शिंग धरून बसला होता आणि हरणाच्या कपाळावरचे केस अंगठ्याने सारखे करत होता. ओढून अंगणापर्यंत आणलं आणि मेपलच्या फांदीला टांगलं, तेव्हा अर्विडचा ट्रक आला. काम संपल्यावर येण्यात अर्विडचा हात कोणी धरू शकत नाही. नवा नारिंगी कोट अंगात होता. पहाटेपासून त्याला शेपूटसुद्धा दिसली नव्हती. त्या कोटात त्याला चंद्रावरून पाहता आलं असतं, मग हरणांची काय कथा.

त्याने हरणाभोवती एक फेरी मारली. "एवढंसं?"

"तुझं कुठे आहे?" मी विचारलं.

"मी मोठ्याची वाट बघतोय." त्याने थुंकून रेनोकडे पाहिलं. "तू मारलंस? खरंच? हेल्मीने नाही?"

"मी मारलं," रेनो म्हणाला.

अर्विडने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.  मग फांदीवरचा दोर त्याला ढिला वाटला म्हणून त्याने तो सोडून पुन्हा घट्ट बांधला. आमच्या घराण्यात याला अभिनंदन म्हणतात.

"काळीज मी नेतो," तो म्हणाला.

"काळीज नेतोस? मारलं त्याने, फाडलं मी, आणि काळीज तुझं?"

"मग निदान जेवायला तरी घाल. सकाळपासून काही खाल्लं नाही."

रेनो आमचं ऐकत नव्हता. अंगणाच्या टोकाला जाऊन तो डार्लीनला फोन करत होता. एक हात हवेत लांब पसरला होता, आणि आवाज इतका मोठा होता की फोनची गरजच नव्हती. हरीण पार टेकडीच्या उतारावर होतं म्हणे. जोराचा वारा होता म्हणे, आडवा. पळत होतं म्हणे. बटाट्याच्या चार ओळींपलीकडे उभं राहून माती हुंगणारं जनावर, आणि वाऱ्याने तर पानसुद्धा हलत नव्हतं.

मी त्याला बोलू दिलं. काळीज पातेल्यात घेतलं, आत गेले आणि कांदे चिरायला बसले.